कागदावर एकच घर

उष्णता बाहेर सोडणं गुन्हा ठरल्यापासून चंद्रपुरात एसीचं गरम युनिट घरातच ठेवावं लागे. निर्मलाबाईंचं युनिट भिंतीपलीकडे, दिराच्या खोलीत होतं. चुली कधीच वेगळ्या झाल्या होत्या. पण कागदावर घर एकच, त्यामुळे कायदा गप्प होता.

नव्या एसीला जुने तांब्याचे पाइप चालतील का, ते शकील मेकॅनिक पाहत होता. “जाडी बरोबर आहे, गळती नाही. पण पलीकडून कोणीतरी ठोकून चपटे केलेत. यातून गॅस जायचा नाही.”

“मीच ठोकले,” भिंतीमागून दीर म्हणाला. “नवे टाकलेत तर तेही ठोकीन, वहिनी.”

“नवे टाका,” निर्मलाबाई शकीलला शांतपणे म्हणाल्या. “आणि एसी लगेच फुल सोडा. पलीकडे त्या गरमीत परवा भाऊजींच्यानं हातोडीही उचलवायची नाही.”