वीस मिनिटं

तिसऱ्यांदा पडदा काळा पडला, तशी विभावरीने कपाळ टेबलावर टेकलं. दूध संघाच्या सर्व्हरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवायची, तर आधी त्याचा बूट मोड, म्हणजे मशीन सुरू होण्याची पद्धत, जुन्यावरून नव्यावर न्यायला हवा होता. काम एवढंसं, पण मोड बदलला की सर्व्हर मेल्यासारखा गप्प. पाच मिनिटं वाट पाहून तिने जुना मोड लावला, की स्वारी लगेच जागी!

दुपारचे तीन वाजत आले होते. पाचला संध्याकाळच्या दुधाचे टेम्पो लागणार. सर्व्हर बंद तर दुधाचा वजनकाटा बंद, अन् दूध काही कुणासाठी थांबत नाही.

शेवटी नाइलाजाने तिने गोडाऊनमध्ये फोन लावला. हा सर्व्हर नऊ वर्षं सांभाळणाऱ्या हिंदुरावांची तिकडे बदली झाली होती. तीही तिच्याच अहवालावरून.

"मोड बदलल्यावर किती वेळ थांबलासा, मॅडम?"

"पाच मिनिटं."

"कायबी नवं लावलं की वीस लागत्यात. जुनं मशीन हाय, सगळं पहिल्यापासनं तपासतंय. मधी हात लावू नगासा."

तिने पुन्हा मोड बदलला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बटणाकडे जाणारा हात तिने मांडीखाली दाबून धरला. सतराव्या मिनिटाला पडद्यावर अक्षरं उमटली.

"आलं, काका!" तिने फोन करून सांगितलं. "एवढा वेळ तुम्ही काय करायचात हो?"

"च्या प्यायला जायचो," हिंदुराव म्हणाले. "तुमच्या अहवालात हाय की ते."