खिडकीतली फुलदाणी

“तू कुणाकडून?” शेजारच्या खुर्चीतल्या आत्याबाईंनी विचारलं. त्या नवऱ्या मुलाच्या आत्या.

“मुलीकडून,” व्हिडिओवाला म्हणाला. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. त्याला बोलावलं होतं नवरीनेच.

अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल, एका कानात इवलासा इअरफोन. लग्ननोंदणीच्या त्या बुटक्या छताच्या खोलीत तो पाहुण्यांत पाहुणा होऊन बसला होता. त्याचा एक कॅमेरा कपाटावरच्या फायलींच्या गठ्ठ्यात दडून सह्यांच्या टेबलाकडे बघत होता. दुसरा होता खिडकीतल्या फुलदाणीत, पानांआड, माणसं आत येताना टिपायला. दोघांच्याही लाल दिव्यांवर काळी चिकटपट्टी. चित्र दोन्हीकडचं मोबाइलवर येत होतं आणि फुलदाणीजवळ कुणी बोललं तर कानात ऐकू येत होतं.

एवढा खटाटोप एका माणसासाठी होता. नवरीच्या बाबांसाठी. एरवी घर डोक्यावर घेणारे, हसता हसता ठसका लागणारे हे गृहस्थ कॅमेरा दिसला की दात दुखत असल्यासारखे ताठ उभे राहायचे. घरातल्या झाडून सगळ्या अल्बममध्ये त्यांचा तोच एक चेहरा होता, ओळखपत्रावरचा. “कॅमेरावाला दिसला, तर मी बाहेर जाऊन बसेन,” असं त्यांनी बजावून ठेवलं होतं, आणि ते खरंच जाऊन बसले असते. म्हणून नवरीने व्हिडिओवाल्याला सांगितलं होतं, “बाकी लग्न नाही आलं तरी चालेल हो. मी सही करताना बाबांचा चेहरा तेवढा हवाय. त्यांचा स्वतःचा.”

आतापर्यंत सगळं झकास चाललं होतं. बाबांनी उशिरा आलेल्या मेहुण्याची यथेच्छ टर उडवली, जावयाच्या कॉलरवर लोंबणारा धागा तोडला, बायकोची बोलणी खाल्ली. सगळं कपाटावरून बिनबोभाट टिपलं गेलं.

“लग्नात बसून मोबाइलमध्ये डोकं!” आत्याबाईंना राहवेना. “खेळतोयस काय एवढं?”

“खेळत नाही, आत्या. कामाचं आहे.”

“आज कसलं मेलं काम?”

तेवढ्यात नोंदणीवाल्या बाईंनी नवरीपुढे कागद सरकवला. “इथे सही करा.” नवरीने पेन उचललं आणि सही करण्याआधी एकदा मान वळवून बाबांकडे पाहिलं. व्हिडिओवाल्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

आणि बाबा चित्रातून गायब झाले.

व्हिडिओवाल्याने मान वर करून पाहिलं, तर बाबा सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी उभे. हात मागे बांधलेले. रस्त्यावरची रहदारी त्यांच्यावाचून अडली असावी, अशा थाटात.

“आत्ताच बाहेर बघायचं सुचलं ह्यांना,” नवरीची आई पुटपुटली.

उठून त्यांना हाक मारायची सोय नव्हती, सगळंच बिंग फुटलं असतं. सही आयुष्यात एकदाच होणार, आणि तिथे बापाची नुसती रिकामी जागा. पोरीने एवढी एकच गोष्ट मागितली होती. आता तिला काय तोंड दाखवायचं?

मग त्याला फुलदाणी आठवली. त्याने अंगठ्याने चित्र बदललं.

मोबाइलभर बाबांचा चेहरा होता. डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं, ओठ घट्ट मिटलेले होते आणि त्या मिटल्या ओठांतूनही हसू फुटत होतं. व्हिडिओवाल्याने आजवर पुष्कळ बाप रडताना टिपले होते, पण ते सगळे एक डोळा कॅमेऱ्यावर ठेवून रडणारे. आत्याबाई वाकून डोकावू लागल्या, तसा त्याने मोबाइल छातीशी धरला.

पुन्हा पाहिलं तेव्हा बाबा बाहीने डोळे पुसत होते. मागे वळण्याआधी जरा वेळ काढायचा म्हणून ते फुलं सारखी करायला लागले. एक पान बाजूला केलं आणि त्यांचा हात थबकला. ते थेट भिंगात बघत होते.

मान ताठ झाली, हनुवटी वर गेली. झालं, आलं ओळखपत्र, असं व्हिडिओवाल्याच्या मनात आलं. पण बाबांनी सावकाश मागे वळून पाहिलं. सही करून झाली होती. हातातलं पेन तसंच धरून लेक खिडकीकडेच बघत होती. बाबांची नजर मिळताच तिने जीभ चावली.

बाबा फुलदाणीकडे वळले. मान सैल झाली होती. डोळे पुन्हा भरून आले होते, पण ह्या वेळी त्यांनी ते पुसले नाहीत.

“लबाड कुठली!” व्हिडिओवाल्याच्या कानात त्यांचा आवाज आला. “मिळालं ना हवं ते?”

मग त्यांनी एक मोठं फूल हलकेच ओढून भिंगासमोर आणलं. मोबाइलभर गुलाबी पाकळ्या पसरल्या. त्यांच्याआडून आवाज तेवढा आला.

“आता पुरे. उरलेलं माझं मला राहू दे.”