भिंतीच्या आरपार

थोरल्या बहिणीचं घर वायर पेटून जळालं, तेव्हा त्या वायरिंगला परवाना वीज-निरीक्षक बोआडूसाहेबानेच दिला होता, हे सेरवाआजी विसरली नव्हती. आता तिच्या स्वतःच्या नव्या घराच्या वायरिंगच्या परवान्यासाठी तपासणीला तोच आला. घानातल्या कुमासी शहराच्या रीतीप्रमाणे तिने आधी पाणी दिलं, मग येण्याचं कारण विचारलं. अंगणातच तो कंद कुटून केलेल्या फुफूच्या गोळ्यांवर आणि बकऱ्याच्या रश्श्यावर तुटून पडला. हात धुऊन त्याने परवान्यावर शिक्का हाणला.

"वायरिंग झकास झालंय, आजी! निर्धास्त झोपा."

"आत डोकावणार नाही, साहेब?"

"अहो, माझी नजर भिंतीच्या आरपार जाते!"



"माझ्या बहिणीच्या घरातही तू हीच नजर टाकली असणार, मेल्या! माझ्याकडे तर वायरमन उद्या यायचाय."