प्रांजलची खिरापत

भोंडल्याची गाणी संपली आणि दुसरीच्या मुली पाटावरच्या हत्तीभोवतीच फतकल मारून बसल्या. आज खिरापत प्रांजलची होती. सकाळी ती उशिरा, केससुद्धा न विंचरता आली होती. पण दिवसभर डबा तिनं मांडीवरून खाली ठेवला नव्हता, ते बघून गोसावीबाईंना रागवावंसं वाटलं नाही.

"ओळखा," म्हणत तिनं डबा खुळखुळवला.

"फुटाणे." "बत्तासे." "शेंगदाणे असतील, भाजलेले," बाईंनीही अंदाज केला.

प्रांजल नुसती मान हलवत राहिली. शेवटी मुलींनी हार मानली आणि ओंजळी पुढे केल्या.

"बाईंना पण नाही आलं," ती हरखून म्हणाली.

बाईंनी हसत झाकण उघडलं. आत हिरव्या बांगड्यांच्या काचा होत्या.

"हे काय गं, बाळा?"

"आईनं काल खिरापतीला हा डबा घासून ठेवला होता. सकाळी पप्पा उठलेच नाहीत. मग आजीनं आईच्या बांगड्या फोडल्या. कुणाच्या पायात जायला नकोत म्हणून काचा यात भरल्या." बाईंचा चेहरा पाहून ती बावरली. "घरात सगळे रडत होते, बाई. दुसरं कुणी काही भरूनच देईना."

बाईंनी झाकण लावलं. स्वतःच्या बांगड्या वाजू नयेत म्हणून दोन्ही मनगटं पदराखाली घेतली.

मुलींच्या ओंजळी अजून पुढेच होत्या.