हिरवा भुसा

न कळवता बहिणीकडे आलेला हेमचंद्र हात धुवायला मोरीत गेला आणि थबकला. नळाला बांधलेल्या पुरचुंडीतला लाकडाचा भुसा गर्द हिरवा झाला होता. घरोघरी बांधलेला हा भुसा पाण्यातले विषारी धातू धरून ठेवायचा आणि त्याच्या रंगावरून धातू ओळखू यायचा. हिरवा म्हणजे निकेल. नदीच्या वरच्या अंगाला निकेलचा मुलामा देणारा कारखाना एकच होता, त्याचा.

“मागच्या खेपेला तर भुसा कोरा होता, नलू.”

नलिनीने मान खाली घातली. “तू येणार असलास की मी नवा बांधते, दादा. ह्यांच्यासमोर तुला ओशाळं वाटू नये म्हणून.”

“आणि गाव?”

“गावाला ठाऊक आहे. माझ्याशी फारसं कुणी बोलत नाही.”

त्याला तिच्याकडे बघवेना. त्याने कारखान्यात फोन लावला आणि सांडपाण्याचा पाइप ताबडतोब बंद करायला सांगितला. मग त्याने पुरचुंडी सोडली. ती झाकायला नलिनीने पिशवी पुढे केली.

“राहू दे.”

ओली पुरचुंडी हातात घेऊन तो भर दुपारी चावडीपाशी आला. तिथल्या गप्पा थांबल्या.

“हे माझ्या कारखान्याचं आहे,” तो म्हणाला. त्याने पुरचुंडी सगळ्यांना दिसेल अशी चावडीच्या पायरीवर ठेवली.