ड्रॉवरमधली गोटी

यास्नाने ड्रॉवर उघडला, तर चॉकलेटच्या जागी एक गोटी. काचेची, निळी.

"बघ बाई, तुझ्या गुप्त मित्राने काय उधळपट्टी केलीय!" शेजारच्या टेबलावरची नोल्विया हसली. तिच्या गालात खडीसाखर होती. तिचा गुप्त मित्र निदान गोड तरी देत होता.

चिलीतल्या वाल्दिव्हिया गावच्या त्या बोटींच्या तिकीट कचेरीत नाताळ आला की सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत पडत. ज्याचं नाव हाती येईल त्याच्या ड्रॉवरमध्ये आठवडाभर गुपचूप काही गोडधोड ठेवायचं. शेवटच्या दिवशी मोठी भेट देऊन आपलं नाव सांगायचं. तोवर तोंडाला कुलूप.

"एलिसेओकाकाच असणार," यास्ना कुजबुजली. हिशेब लिहिणारे एलिसेओकाका चहाची पुडी वाळवून पुन्हा वापरायचे. "आणि गंमत म्हणजे माझ्या चिठ्ठीत त्यांचंच नाव आलंय. मोजे घेतलेत मी, लोकरीचे. फुकट गेले."

नोल्विया नखातला हिरवा रंग खरवडत राहिली.

यास्ना घर घेणार होती. नदीकाठचं, लाकडी, खांबांवर उभं असलेलं. नोल्वियाच्या सासूचं ते. सासू गेल्यावर नोल्वियाच्या नवऱ्याने, बाउदिलिओने, विकायला काढलेलं. भाड्याच्या खोलीत लहानगी मियाराय धावली की घरमालकीण खालून झाडूने छत ठोकायची. पोरीला मनसोक्त धावता यावं, एवढंच यास्नाला हवं होतं. त्यासाठी सगळी शिल्लक आणि वर बँकेचं कर्ज या घरात जाणार होतं.

संध्याकाळी बायकोला न्यायला बाउदिलिओ दारात आला, की नोल्वियाला जोर चढे. "काय घर आहे यास्ना! असं पुन्हा मिळायचं नाही हं."

"तपासणीला माझा चुलतभाऊ येईल," बाउदिलिओ म्हणे. "दमडी द्यायची नाही. घरचाच माणूस."

"घरचाच," नोल्विया मान डोलावे.

दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये मेणबत्तीचं थोटूक निघालं. तिसऱ्या दिवशी वापरलेला स्क्रूड्रायव्हर, मुठीवर हिरवट ठिपका वाळलेला.

"उद्या करवत मिळेल," यास्ना म्हणाली. कचेरी हसली. एलिसेओकाकाही हसले.

त्या दुपारी ती मियारायला घर दाखवायला घेऊन गेली. पोरीने खेळायला आणलेली ती निळी गोटी स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवली. गोटी क्षणभर थांबली, मग आपणहून निघाली आणि नदीकडच्या कोपऱ्यावर आदळली.

"आई, तिला कुठे जायचंय?"

यास्नाने गोटी उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा तोच कोपरा.  पर्समधलं मेणबत्तीचं थोटूक काढून तिने बंद खिडकीपाशी पेटवलं. ज्योत आडवी झाली.

"नदीचा वारा," किल्ली घेऊन आलेला बाउदिलिओ म्हणाला. "जिवंत घर आहे."

स्क्रूड्रायव्हर तिने त्याच्यासमोर बाहेर काढला नाही.

"तुमचा चुलतभाऊ बांधकाम शिकलाय का हो?" तिने विचारलं.

"शिकून काय करायचंय? निम्मं गाव बांधलंय त्याने!"

घरी येऊन तिने फोन लावायला घेतले. पहिला तपासनीस म्हणाला, फोटो पाठवा, सांगतो. दुसरा म्हणाला, बाउदिलिओचं घर? मग काय बघायचं, देवमाणूस आहे. तिसरी एक बाई होती, कुरीनबाई, बांधकामाची पदवी घेतलेली. तिने एवढंच विचारलं, "घराखाली शिरायला वाट आहे का?"

यास्नाने तिला बोलावलं.

कुरीनबाई कपाळाला दिवा बांधून सरपटत आत गेली. मग तिची हाक आली, "ये, तूच बघ. तुझी गोटी जाते त्याच कोपऱ्याचा खांब."

खांब नवाकोरा दिसत होता, हिरवागार रंगवलेला. यास्नाने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि जरा रेटला. केकमध्ये सुरी जावी तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

"वर रंग, आत भुसा," कुरीनबाई म्हणाली. "पुढच्या भूकंपाची वाट बघायला नको, एका हिवाळ्यातच खचेल हे. हे अवजार दिलं कुणी तुला? कुठे खुपसायचं ते ठाऊक असलेलं माणूस दिसतंय."

काकांचं सारं आयुष्य याच नदीकाठी गेलं होतं. यास्नाचे डोळे भरून आले.

तिने घराला नकार कळवला. मोजे स्वतःलाच ठेवले आणि काकांसाठी माते, म्हणजे तिकडचा पानांचा चहा, प्यायचा लाकडी पेला घेतला, चांदीच्या काठाचा.

शेवटच्या दिवशी कचेरीत केक कापला गेला, ग्लास भरले. बाउदिलिओ दाराला टेकून उभा होता. "बाहेरची बाई आणायचं भूत तुझ्या डोक्यात भरवलं कुणी, ते मला एकदा कळू दे," तो यास्नाला म्हणाला. हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. नोल्विया ग्लासाकडे बघत होती.

यास्नाने पेला काकांच्या हातात ठेवला. "काका, तुम्ही नसता तर मी आणि माझी पोर रस्त्यावर आलो असतो."

"मी?" काकांनी पेला उलटासुलटा केला. "अगं, मी तर तुला कधी पेनही उसनं दिलं नाही." मग त्यांनी खिशातून एक पुडकं काढून नोल्वियासमोर ठेवलं. "माझ्या चिठ्ठीत तू होतीस, पोरी. खडीसाखर संपवलीस ना?"

सगळे हसले. नोल्विया उठली. टेबलाखालून खोका काढून तिने यास्नापुढे धरला. आत मियारायच्या मापाचा स्वेटर होता.

"माझ्या चिठ्ठीत तू," ती म्हणाली. खोक्यावरच्या तिच्या नखात हिरवा रंग अजून तसाच होता.

"घ्या!" बाउदिलिओ ओरडला. "इथे सौदा मोडतोय आणि माझी बायको हिचे लाड करतेय! काय काय दिलंस गं हिला आठवडाभर?"

नोल्वियाने हात मुठीत मिटले.

"चॉकलेटं," यास्ना म्हणाली. "रोज एक."