डाव पुढे द्या

“हरणाऱ्याला जाहिरात दाखवा, नाहीतर अर्धा तास ताटकळत ठेवा. आजकाल सगळे गेम असेच चालतात,” पोंक्षेसाहेब म्हणाले. हेमांगीनं दोन वर्षं जीव ओतून केलेला सागरगोट्यांचा मोबाइल गेम बाजारात आणायचा की नाही, हे त्यांची कंपनी ठरवणार होती.

हेमांगीनं मुकाट्यानं जाहिरात घातली आणि मोबाइल वच्छीआत्याच्या हाती दिला. सागरगोटे तिला आत्यानंच शिकवले होते, सारवलेल्या अंगणात, गाणी म्हणत. आत्याचा एक सागरगोटा निसटला, तशी पडद्यावर साबणाची जाहिरात नाचू लागली.

“अगं बये, माझा हात चुकला की डाव शेजारच्या रखमाकडे जायचा! हा साबणवाला कुठून टपकला मध्येच?”

हेमांगी खुदकन हसली. त्या अंगणात वाढूनही हे आपण विसरलोच कसे?

आठवड्यानं ती ताठ मानेनं साहेबांसमोर बसली. “जाहिरात काढली. तुमच्या मोबाइलवर खेळून बघा.”

साहेबांचा चौथाच झेल हुकला. पडद्यावर उमटलं, ‘डाव कुणाला देताय?’ त्यांचं बोट घुटमळलं, मग नागपूरच्या बहिणीच्या नावावर टेकलं. डाव तिच्या मोबाइलवर गेला आणि लगेच उत्तर आलं, ‘बाळ्या, अजून तसाच धांदरट! आता बघ माझा हात.’

हेमांगीनं कराराचा कागद पुढे सरकवला.

“थांबा हो जरा,” मोबाइलवरची नजर न काढता साहेब म्हणाले, “ताईचा डाव चाललाय.”